अण्णांचा कलप कसा उतरला

अण्णांचं डोकं चामराजपेटेत कुणी पाहिलेलं नव्हतं. घराबाहेर पडताना त्यांच्या डोक्यावर जरीकाठाचा म्हैसुरी पेटा असे. सरकारी कचेरीत तीस वर्षं त्यांनी तो घातला, निवृत्त झाल्यावरही घातला, आणि आमच्या मराठी मंडळींच्या संघाचे अध्यक्ष झाल्यावर तर तो दोन बोटं उंच झाला असं मला वाटे. लोक नमस्कार करत तो माणसाला की पेट्याला, हे सांगणं कठीण होतं. पेट्याखाली पांढरे, दाट, मऊ केस आणि मागे एक बारीक शेंडी आहे हे फक्त घरातल्यांना ठाऊक होतं, आणि घरात आम्ही तिघंच होतो: अण्णा, काकू आणि मी.

अण्णा माझे थोरले काका. वडिलांची नोकरी बदलीची, म्हणून कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहायला आले. शिक्षण संपून मी इथल्याच एका मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागले, तरी माझी ट्रंक त्यांच्या माडीवरून हलली नाही. दोघे चुलतभाऊ उत्तरेकडे नोकरीला होते. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळूरला आलं म्हणतात. फौज परत फिरली तेव्हा आमचे पूर्वज बहुधा जेवत बसले असावेत. तेव्हापासून आमच्या मराठीत कानडी इतकं मुरलं आहे की पुण्याचे पाहुणे दोन दिवस आम्हांला हसतात आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच 'स्वल्प सांबार' मागतात.

त्या मुरण्यातच एक चाल आम्ही उचलली. साठी झाली की शांत सगळेच करतात. पण इकडे नवरा बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधतो. हार, मंडप, पंगती, वालग, म्हणजे आपले सनई-चौघडे, सगळं नव्यानं. थोडक्यात, तेच लग्न, त्याच माणसाशी, पण या वेळी पूर्ण माहितीनिशी.

अण्णांना साठावं सरत आलं आणि काकूंनी वालगवाले ठरवले. वर्षभराची तयारी अण्णांनी केली, मंत्र्यांपासून पोस्टमास्तरांपर्यंत आमंत्रणं त्यांनी धाडली. पण वालगवाले काकूंनी स्वतः बोलावून घेतले, ओट्यावर बसवून वाजवायला लावले, आणि मग ठरवले. त्याला कारण होतं. त्यांचं पहिलं लग्न घाईत झालं होतं. अण्णांचे आजोबा अंथरुणाला खिळले होते. ते गेले तर वर्षभर कार्य करता येणार नाही, म्हणून चार दिवसांचं लग्न एका सकाळीत उरकलं. घरात आजारी माणूस म्हणून वालग नाही. फोटोवाल्याला सांगायला कुणाला सवड नाही. काकू तेव्हा तेरा वर्षांच्या. आजोबा त्यानंतर सहा वर्षं जगले. काकू त्यांच्याबद्दल कधी वावगं बोलल्या नाहीत, पण त्यांच्या श्राद्धाचे वडे दर वर्षी जरा कडक होत.

तेव्हा काकूंना हवं होतं ते एवढंच: वालग, एक फोटो, आणि सगळं रीतसर.

कार्याला पंधरा दिवस राहिले असताना अण्णांनी भटजींकडून विधींची माहिती करून घेतली. त्यात कळलं की एका विधीला डोकं उघडं ठेवावं लागेल. तीस वर्षं झाकलेलं डोकं मंत्र्यांपुढे उघडं पडणार, ही बाब त्यांनी सरकारी पद्धतीनं हाताळली, म्हणजे कुणालाही न विचारता. काकू मठात भजनाला गेल्याचं पाहून चिकपेटेतून दोन बाटल्यांचा कलप आणला आणि न्हाणीघराची कडी लावून घेतली.

मी कॉलेजातून परतले तेव्हा ते पडवीत आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. डोकं नव्या छत्रीसारखं दिसत होतं. काळं म्हणावं तर काळं, पण वळलं की त्यात जांभळी झाक मारे. कपाळावर, केसांच्या कडेनं, नकाशात किनारपट्टी दाखवतात तशी एक रेघ उमटली होती.

त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, "कसं दिसतं?"

पेट्याखाली छान दिसेल, असं मी म्हटलं.

काकू आल्या त्या दारातच थबकल्या. मग चपला काढल्या, पाय धुतले, देवापुढं प्रसाद ठेवला आणि परत येऊन पुन्हा पाहिलं.

"अहो, हे काय?"

"स्वल्प काळं केलंय. नवरदेव नवरदेवासारखा दिसायला नको?"

"माझ्याशेजारीच बसणार ना तुम्ही?" काकूंनी स्वतःच्या पांढऱ्या अंबाड्यावरून हात फिरवला. "मग लोक म्हणतील, नवरदेवाची आई वयाच्या मानानं बरी आहे."

तेवढ्यावर ते मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची उशी काळी निघाली. स्नानानंतर पंचा काळा निघाला. काकू तो पंचा दोन बोटांत धरून पडवीत आल्या आणि त्यांनी विचारलं, विधीला डोकं उघडं का ठेवायचं ते भटजींना विचारलंत का.

अण्णांनी विचारलं होतं. ते त्यांना आत्ता आठवलं. अभिषेकासाठी. कलशांतलं मंत्रवलेलं पाणी दोघांच्या डोक्यावर ओतायचं असतं म्हणून.

डोकं उघडं पडणार म्हणून त्यांनी ते रंगवलं. उघडं कशासाठी पडणार, हा मुद्दा टिपणीत राहून गेला होता. शुभ्र मुकट्यातले अण्णा, लाल काठाच्या पांढऱ्या रेशमी नऊवारीतल्या काकू, वर वेदघोष, आणि दोघांच्या अंगावरून शाई ओघळते आहे, हे चित्र तिघांनाही एकदमच दिसलं असावं, कारण तिघांचीही नजर त्या पंच्याकडे गेली.

मग काकू बोलल्या. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"एक लग्न घाईत झालं, त्याचं मी कधी काही बोलले का? नाही ना? हे दुसरं हसण्यावारी गेलेलं मला चालायचं नाही. डोकं होतं तसं करा. नाहीतर वालगवाल्यांना सांगा येऊ नका म्हणून. मी पाटावर बसायची नाही."

अण्णा म्हणाले, "सरी," म्हणजे कानडीत बरं. त्यांच्या तोंडून इतका आखूड अभिप्राय मी पूर्वी ऐकला नव्हता.

मग घरात उपाय सुरू झाले. शिकेकाई झाली, रिठा झाला, लिंबू आणि ताक झालं. कलप प्रत्येक वेळी उतरे, पण जात नसे. पंचा काळा करण्याइतका सैल आणि डोक्यावर राहण्याइतका घट्ट. निवृत्त अधिकाऱ्यांत हा गुण आढळतो. आमचा नेहमीचा न्हावी आला, त्यानं अण्णांच्या डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि तिरुपतीला जाऊन यावं असं सुचवलं. तिथं मुंडण केलं की कलपही जाईल, पुण्यही लागेल आणि कुणी काही विचारणार नाही. उपाय बिनतोड होता. पण अण्णांनी संघाच्या व्यासपीठावरून नवस-सायासांविरुद्ध दोन भाषणं केली होती, आणि काकूंना लग्नात मुंडण केलेला नवरा नको होता. जन्मात पहिल्यांदा दोघांचं इतक्या चटकन एकमत झालेलं मी पाहिलं.

तेव्हा मी माझ्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांचे केस दर दोन महिन्यांनी निराळ्या रंगाचे असत, त्यामुळे त्या जाणकार होत्या. त्यांनी दंडूतल्या एका बाईंचं नाव सांगितलं. दंडू म्हणजे छावणीचा भाग. तिथं इंग्रज गेले तरी त्यांचे पडदे, केक आणि केशभूषेची दुकानं मागे राहिली होती. अडचण इतकीच की ते दुकान बायकांचं होतं. म्हणून वेळ माझ्या नावानं घेतली आणि अण्णा पालक म्हणून सोबत आले. पेटा, बंद गळ्याचा कोट, चांदीच्या मुठीची काठी. घोड्याच्या जटक्यात बसताना त्यांनी मला बजावलं की बोलणं ते करतील.

दुकानाच्या मालकीणबाई फुलाफुलांच्या झग्यात होत्या. त्यांचा रुबाब अण्णांपेक्षा तसूभरही कमी नव्हता. भिंतीवर त्यांनी एका राज्यपालाच्या पत्नीचे केस विंचरतानाचा फोटो लावला होता; त्यात राज्यपालाच्या पत्नीपेक्षा त्याच जास्त दिसत होत्या. त्यांनी माझी वेणी हातात घेऊन, हिला काय करायचं, असं इंग्रजीत विचारलं. अण्णा खाकरले. आपल्या कचेरीच्या इंग्रजीत, दोन पोटवाक्यं आणि एक 'तथापि' घालून, त्यांनी प्रकरणाची पार्श्वभूमी मांडायला सुरुवात केली. बाईंनी ती पुरती ऐकली नाही.

"टोपी काढा, डार्लिंग," त्या म्हणाल्या.

अण्णांना त्या संबोधनाचा धक्का जास्त बसला की पेट्याला टोपी म्हटल्याचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण पेटा निघाला. केसांना हात लावताच बाईंनी नाक मुरडलं. आधी तपासणीसाठी थोडे केस हवेत म्हणून त्यांनी कात्री घेतली, आणि सगळ्यांत लांब, सोयीचे केस म्हणून शेंडी धरली. अण्णा खुर्चीतून उठले ते काठीसकट. मग समझोता झाला आणि कानामागची एक बट कापली गेली.

बाईंनी ती बट बशीत ठेवली आणि त्यावर केस फिके करायचं औषध थेंब थेंब टाकलं. बट फसफसली, बशी गरम झाली आणि खोलीत गंधकासारखा वास सुटला. कलपात धातूचा अंश आहे, बाईंनी निदान केलं. त्यावर हे औषध थेट ओतलं तर केस भाजून तुटतात. अण्णांनी बशीकडे पाहिलं आणि त्या दिवशी पुन्हा पार्श्वभूमी मांडली नाही.

आधी धातू काढायचा होता. त्यासाठी एरंडेल आणि स्पिरिट एकत्र करून केसांना चोळलं, वर गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळले, आणि अण्णांना एका मोठ्या घंटेसारख्या यंत्राखाली बसवलं. शेजारच्या दोन यंत्रांखाली दोन मडमा मासिकं वाचत होत्या. एकीनं अण्णांना मासिक दिलं. अण्णांनी ते घेतलं आणि विणकामाचं पान गंभीरपणे वाचत राहिले. तेल धुतलं, पुन्हा चोळलं, पुन्हा धुतलं. प्रत्येक वेळी पाणी कमी काळं. दोन दिवसांनी परत गेलो, तोच क्रम, परत एक बट, परत बशी. या वेळी बट फसफसली नाही. मग बाईंनी अगदी सौम्य करून ते औषध लावलं आणि खुर्चीशेजारी घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या.

काळा गेला. त्या जागी आला तो पांढरा नव्हता. घासलेल्या पितळी समईसारखं अण्णांचं डोकं चमकत होतं.

बाईंच्या मते हे अपेक्षितच होतं. शेवटी एक फिकट जांभळं पाणी लावायचं, की पिवळेपणा मरतो आणि शुभ्र दिसतं. त्यासाठी डोक्याला दोन दिवस विश्रांती देऊन परत यायचं. अण्णा तयारही झाले होते. पण आम्ही पेटा नीट बसवत बाहेर पडलो, तो समोरच्या घड्याळाच्या दुकानातून संघाचे उपाध्यक्ष बाहेर आले. पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष होण्याची त्यांची इच्छा जुनी होती. त्यांनी दुकानाची पाटी वाचली, मग अण्णांकडे पाहिलं.

"पुतणीला घेऊन आलो होतो," अण्णा म्हणाले.

उपाध्यक्षांनी माझ्या वेणीकडे पाहिलं. खोबरेल तेलानं चापून घातलेली ती वेणी मॅट्रिकपासून तशीच होती.

"छान झालीय," ते म्हणाले.

त्यानंतर अण्णांनी दंडूचं नाव काढू दिलं नाही. कार्य परवावर आलं होतं. अण्णांचे मुलगे उद्या यायचे होते, आणि वालगवाले निरोपाची वाट पाहत होते, कारण काकूंनी अजून त्यांना 'या' म्हटलं नव्हतं.

मी काकूंना त्या जांभळ्या पाण्याची गोष्ट सांगितली ती केवळ वर्णन म्हणून. काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"म्हणजे नीळ," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तसंच नसावं, त्यांचं औषध निराळं असतं.

"पिवळ्या धोतराला आपण काय करतो?"

त्यांनी अण्णांना मागच्या अंगणात बोलावलं आणि उन्हात उभं केलं. धोतर पारखावं तसं डोकं पुढून, मागून पाहिलं. मग न्हाणीघरातून निळीची पुरचुंडी आणली, तांब्यात बुडवली, पाणी बोटावर घेऊन उजेडात धरलं, त्यात आणखी पाणी घातलं, परत धरलं.

"खाली बसा."

अण्णा धुण्याच्या दगडावर बसले. "प्रमाण माहीत आहे का तुला?" त्यांनी विचारलं.

"तुमची धोतरं चाळीस वर्षं कोण धुतंय?"

"डोकं आणि धोतर यांत फरक आहे."

"कलप लावताना होता का?"

अण्णांनी मान खाली घातली. काकू त्यांच्या केसांतून पाणी सोडत होत्या, बोटांनी पसरवत होत्या. इतक्या वर्षांत माझ्यासमोर दोघांनी एकमेकांना हात लावलेला मी पाहिला नव्हता; पानाचा डबासुद्धा मध्ये पाटावर ठेवून दिला-घेतला जाई. मी माडीवर गेले आणि तपासून झालेले पेपर पुन्हा तपासले. अंगणातून मधूनच अण्णांचा आवाज येई, पाणी कानात गेलं म्हणून, आणि काकूंचा, हलू नका म्हणून. मग दोघांच्या हसण्याचा आला.

मी खाली आले तेव्हा केस वाळले होते. पितळ गेलं होतं. मूळचा पांढरा तो नव्हे, पण पांढरा होता. फक्त डाव्या कानामागे, केस जिथं बशीसाठी कापले होते तिथं, नीळ जरा बसली होती आणि रुपयाएवढं आभाळ दिसत होतं.

काकूंनी ते अंगठ्यानं चोळून पाहिलं. गेलं नाही. थोडा वेळ त्या अण्णांकडे पाहत राहिल्या. मग पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "वालगवाल्यांना निरोप धाड. उजाडताच या म्हणावं. आणि चांगलं दणक्यात वाजवा म्हणावं."

कार्य थाटात झालं. मंत्री आले नाहीत, पण त्यांची मोटार आली आणि तिच्यातून त्यांचं शुभेच्छापत्र घेऊन आलेला माणूस उतरला. संघानं चांदीच्या नळकांड्यात घालून मानपत्र दिलं. ते उपाध्यक्षांनी वाचलं. त्यात एक वाक्य असं होतं की अण्णांचा एकेक पांढरा केस म्हणजे निष्कलंक लोकसेवेची साक्ष आहे. वाचताना ते थांबले, चष्म्यावरून त्यांनी माझ्या वेणीकडे पाहिलं आणि पुढं वाचलं.

मग अभिषेक. अण्णांनी पेटा काढला. गर्दीत थोडी कुजबुज झाली, पण ती केसांचं कौतुक करणारी होती. काकू शेजारच्या पाटावर, लाल काठाची नऊवारी, मुद्दाम राखून ठेवलेली नथ. वालग खरोखरच इतका दणक्यात वाजत होता की भटजींचे मंत्र ऐकूच येत नव्हते. काकूंच्या चेहऱ्यावरून त्यांना ते हवंच होतं असं दिसलं. पहिला कलश ओतला. मी अण्णांच्या खांद्याकडे पाहत होते. पाणी स्वच्छ. दुसरा कलश, स्वच्छ. तिसऱ्याला डाव्या कानामागून एक बारीक निळा ओघळ निघाला, मानेवर आला आणि मुकट्याच्या दिशेनं निघाला.

काकूंनी तो पाहिला. कुणाच्या ध्यानात यायच्या आत त्यांनी आपल्या नव्या रेशमी पदराचं टोक घेतलं आणि नवऱ्याच्या कानामागे हलकेच टिपलं. मग जरा वर, जरा खाली, नीट टिपलं. अण्णांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं. आणि कपाळावरून सप्तनद्यांचं पाणी गळत असताना दोघं हसायला लागले.

फोटोवाल्यानं नेमकी तेव्हाच कळ दाबली.

मंडपात एकही माणूस त्यांना हसला नाही. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. भटजींनी वालगवाल्यांना हातानं थांबवून मंडळींना सांगितलं की सहधर्मचारिणी म्हणतात ती हीच. संसारातल्या प्रेमाबद्दल मी पुस्तकांत बरंच वाचलं आहे आणि त्यातल्या बहुतेकावर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी लोक ज्यावर गहिवरले ती प्रत्यक्षात नीळ होती हे ठाऊक असूनही, ते काही फारसं चुकत होते असं मला म्हणता येत नाही.

फोटो धुऊन आले तेव्हा अण्णांनी मानपत्राचा फोटो मोठा करून घ्यायचं ठरवलं. काकूंनी त्यांना तो घेऊ दिला. तो माडीच्या जिन्यात लागला. दिवाणखान्यात लागला तो काकूंनी निवडलेला. त्या काळी फोटोत कुणी हसत नसे. आमच्या घरच्या सगळ्या भिंतींवर गंभीर माणसं होती, अण्णांचे ते सहा वर्षं जगलेले आजोबा धरून. त्यांच्यात हे दोघं ओलेचिंब, आणि बाई पुरुषाचा कान पुसते आहे.

फोटो काळा-पांढरा. त्यात निळं काही दिसत नाही. आलेगेले विचारत, काय झालं होतं एवढं हसायला. अण्णा पेटा सावरून, "त्याचं असं आहे," म्हणून सुरुवात करत. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून विचारत, कॉफी किती जणांची टाकू.